जास्त बॉल कुठे हरवतात?

दर्यापूरच्या बसस्टँडवर उतरा आणि कुणालाही विचारा, "गोल्फवाले जानराव कुठे राहतात?" विचारलेला माणूस आधी हसतो आणि मग तुम्हाला थेट त्यांच्या दारापर्यंत आणून सोडतो. त्याचं हसणंही मनापासून असतं आणि सोडायला येणंही.

जानराव खारोडे हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी. वय पासष्ट. उंची साडेपाच फूट, त्यातले तीन इंच मान ताठ ठेवल्यामुळे मिळालेले. घरची पाच एकर काळी जमीन. तरुणपणी फौजेत गेले, हवालदार होऊन परत आले. शेवटची अकरा वर्षं कोरड्या मुलखातल्या एका छावणीत होते. तिथे साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं, पण पाणी नसल्यामुळे गवताची काडी नव्हती. एरवी गोल्फमध्ये होलभोवती कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. इथे वाळूत जळकं ऑइल कालवून गोल अंगण केलेलं असायचं, त्याला ब्राउन म्हणायचे. त्यावर चाललं की पावलं उमटतात. म्हणून बॉल होलकडे ढकलण्याआधी लाकडी फळी ओढून वाट सारखी करून घ्यायची, असा तिथला रिवाज. ही फळी ओढायचं काम भाऊजींकडे होतं. अकरा वर्षं त्यांनी साहेबांच्या वाटा सारख्या केल्या आणि कोणत्या साहेबाचा हात कुठे चुकतो ते बारकाईने पाहून ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी एका कर्नलसाहेबांनी आपल्या जुन्या सात काठ्या त्यांना भेट दिल्या.

"लोकं फौजेतून ट्रंक आनतात, कंबल आनतात," आमची ताई, म्हणजे पार्वताबाई, आजही सांगते. "यायनं काठ्या आनल्या. मले वाटलं ढोरं हाकाले आनल्या असतीन."

काठ्या आठ-दहा वर्षं माळ्यावर पडून होत्या. मग एका उन्हाळ्यात भाऊजी त्या घेऊन पंजाबराव मानकरांच्या वावरात गेले. पंजाबरावांचं चौदा एकर सलग, सपाट वावर. तिथे कापसाची पऱ्हाटी उपटून झाली की मृगापर्यंत कुणी फिरकत नाही. तिथे भाऊजींनी नऊ होल केले. दुधाच्या पावडरचे डबे जमिनीत गाडले, फवारणीच्या पंपाच्या नळ्या निशाण म्हणून उभ्या केल्या. पूर्णा नदीची वाळू आणि ट्रॅक्टरचं जळकं ऑइल यांचे नऊ ब्राउन झाले. पहिल्या वर्षी पंजाबराव बांधावर बसून हसायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी काठी हातात घेतली. मग हरिहर वकील आले, कारण कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. शेवटी एसटीतले निवृत्त कंडक्टर नागसेन तायडे आले आणि त्यांनी रजिस्टर घातलं. ज्या माणसाने तीस वर्षं तिकिटं पंच केली त्याच्या नजरेतून एक फटका सुटत नाही. झाला क्लब! अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, नाव तर नाहीच.

आता काळ्या जमिनीची गोष्ट. एप्रिल-मे महिन्यात ती अशी तडकते की भेगेत हात जातो. त्यासाठी या चौघांनी नियम केले. बॉल भेगेत पडला आणि हात मनगटापर्यंत गेला, तर काढून बाजूला ठेवा, दंड नाही. कोपरापर्यंत गेला तर एक फटका दंड. खांद्यापर्यंत गेला तर बॉल सोडा आणि हात आधी बाहेर काढा, कारण आत कोण राहतं ते माहीत नाही. न तडकलेली जमीन लोखंडासारखी. काठी जमिनीला लागली की मनगटापासून दाढेपर्यंत झिणझिण्या. त्यामुळे या चौघांचीही एकच पद्धत झाली, मातीला धक्का न लावता नुसता बॉल उचलून घ्यायचा. ताई भाकरी तव्यावरून उचलते तसा.

अशी चौदा वर्षं चालली होती. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग तिवशाचं लग्न आलं.

तिवशाला भाऊजींच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मुलाकडचे एक मामा मोठ्या शहरातल्या खऱ्याखुऱ्या गोल्फ क्लबाचे सभासद निघाले. भाऊजींना कोण आनंद! पंगतीत त्यांच्या शेजारी जाऊन बसले, मोबाइलवर पंजाबरावांच्या वावराचा व्हिडिओ दाखवला, आपला हँडिकॅप अठरा आहे हेही सांगितलं. हँडिकॅप म्हणजे सोप्या भाषेत असं, की मोठ्या मैदानाचा ठरलेला हिशोब असतो बहात्तर फटक्यांचा, आणि अठरा हँडिकॅपचा माणूस ते साधारण नव्वदात संपवतो. पंजाबरावांचे नऊ होल दोनदा खेळून नागसेनभाऊंनी हा आकडा काढला होता.

मामांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. म्हणाले, "काका, मजा आहे. पण याला गोल्फ नाही म्हणत हो. गोल्फ गवतावर असतो. हे म्हणजे काठीने गोट्या खेळणं. आणि त्याचा हँडिकॅप? वाः!" आणि शेजारच्या दोघांना त्यांनी तो व्हिडिओ हसत हसत दाखवला.

 भाऊजी ताटातली जिलबी तशीच ठेवून उठले. खारोड्यांच्या घराण्यात जिलबी टाकून उठलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

भाचीला, आचलला, हे कळलं. ती पुण्याला नोकरी करते. बापाच्या पासष्टीनिमित्त तिने सह्याद्रीच्या डोंगरात, धरणाच्या काठावर असलेल्या एका मोठ्या रिसॉर्टचं चार दिवसांचं बुकिंग केलं. तिथे गोल्फची एक सोडून तीन मैदानं होती, गवताची. माझी वर्णी काहून लागली, हे ताईने फोनवर सांगितलं, "तुह्याबिगर काठ्या कोन उचलन? अकोल्याहून बसून ये. सामान जास्त आनू नको."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पोचलो. खोलीत गालिचा, न्हाणीघरात तीन प्रकारचे नळ, खिडकीतून डोंगर. ताई नळांचा अभ्यास करत बसली. भाऊजी काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने तीन रंगीत पत्रकं पुढे ठेवली आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, की 'सनराइज' सपाट आहे, कुटुंबांसाठी छान आहे. 'लेकव्ह्यू' मध्यम आहे. आणि 'रिज' डोंगराच्या धारेवर आहे, अनुभवी खेळाडूंसाठी. पॅकेजमध्ये एकच राउंड आहे, तीनपैकी कुठलाही एक निवडा.

भाऊजींनी पत्रकांकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "यातल्या कोन्त्यात ज्यादा बॉल हरवतात?"

मुलगी गोंधळली. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. येणारा प्रत्येकजण सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, हे विचारतो.

मग भाऊजींनी स्वतःच तपास लावला. मैदानाच्या मागच्या बाजूला पाण्यातले बॉल काढून धुऊन ठेवणारा कुंदन नावाचा पन्नाशीचा माणूस त्यांना सापडला. त्याच्याशेजारी उकिडवे बसून भाऊजींनी आधी बिडीबद्दल, मग पावसाबद्दल, मग बॉलबद्दल विचारलं. कुंदन म्हणाला, "सनराइजमधून आठवड्याला एक टोपलं निघतं. लेकव्ह्यूमधून चार."

"आन् रिज?"

"रिजचं मोजत नाही साहेब. पोत्यात भरतो."

भाऊजींचा चेहरा असा उजळला की कुंदनने मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

संध्याकाळी ते मला घेऊन रिजच्या कडेकडेने हिंडले. बैल विकत घेणारा माणूस जसा बैलाभोवती फिरतो तसे. इथे दरी. इथे वारा दरीतून वर येतो. इथे धरणाचं पाणी आत घुसलंय. प्रत्येक ठिकाणी थांबून, "हे चांगलं हाये," असं म्हणत होते. जिथे मी दरीत डोकावून दोन पावलं मागे सरलो, तिथे ते म्हणाले, "हे तं लयच चांगलं हाये."

जेवताना आचल काकुळतीला आली. "बाबा, एकच राउंड आहे. सनराइजवर खेळा ना. मजेत खेळाल, आपण फोटो काढू, त्या तिवशाच्या मामांना पाठवू."

"बेटा, सोप्या पेपरात पास झालो तं तो काय म्हनन? सोपा होता म्हनन. अन् खरं म्हनन."

"तो गेला खड्ड्यात!"

"त्याचं मी मनावर नाई घेत," भाऊजी म्हणाले. त्यांनी घास हातातच धरला होता. "पन तो बोलला तवापासून मले झोप नाई येत, आचल. चौदा वर्स आमी चार मानसं उन्हात खेळून राहिलो. ते काय खेळून राहिलो? गोल्फ हाये, का गोट्या हायेत? मले कोनाले दाखवाचं नाई. मले मालूम करून घ्याचं हाये. अन् ते सोप्यात मालूम नाई पडत."

 मग ताई वरणाची वाटी त्यांच्याकडे सरकवत म्हणाली, "जाऊ दे त्यायले कठीनावरच. सोप्याची आवड असती तं माह्याशी लगन केलं असतं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही रिजच्या सुरुवातीला हजर. तिथल्या प्रमुख मैथिली जोगळेकर, पुण्याच्या, पस्तिशीच्या, टोपीखाली कडक नजर आणि कडक मराठी. भाऊजींच्या सात काठ्या, पिशवीऐवजी शिवलेली कॅनव्हासची खोळ, पायातले फौजी बूट, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"काका, रिजसाठी हँडिकॅपचं सर्टिफिकेट लागतं. आहे का आपल्याकडे?"

"हाये न!" भाऊजींनी छातीशी धरलेली प्लॅस्टिकची फाइल उघडली.

इथे मला दोन मिनिटं थांबायला हवं. रिसॉर्टच्या नियमांत सर्टिफिकेट लागेल असं आचलने आधीच कळवलं होतं. दर्यापूरच्या क्लबाकडे ना लेटरहेड ना शिक्का. तेव्हा हरिहर वकिलांनी त्यांना जो सर्टिफिकेटचा एकमेव प्रकार माहीत होता, तो करून दिला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र! मैथिलीबाईंनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि हळूहळू त्यांचा आवाज बदलत गेला. "'मी, जानराव सखाराम खारोडे, वय पासष्ट वर्षे, धंदा शेती, राहणार दर्यापूर, जिल्हा अमरावती, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझा गोल्फ या खेळातील हँडिकॅप अठरा असून, तो माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे. त्यात काही खोटे आढळल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन.'" खाली सही, अंगठा, फोटो, नोटरीचा लाल गोल शिक्का. साक्षीदार क्रमांक एक, नागसेन तायडे. साक्षीदार क्रमांक दोन, पंजाबराव मानकर.

मैथिलीबाईंनी ओठ घट्ट दाबून धरले. हसू येऊ नये म्हणून माणूस धरतो तसे. मग त्यांची नजर अंगठ्याच्या निळ्या ठशावर गेली आणि तिथेच थांबली.

"अंगठा कशाला? सही आहे की."

"वकीलसाहेब म्हनले, दोनी असू द्या. मोठं मैदान हाये."

"काका," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता वेगळा होता, "मी वीस वर्षं गोल्फमध्ये आहे. हँडिकॅपबद्दल जेवढं खोटं बोललं जातं तेवढं लग्न जमवतानाही बोलत नसतील. तुरुंगात जायची तयारी ठेवून आलेले तुम्ही पहिलेच. चला, मी स्वतः तुमच्याबरोबर खेळायला येते. फक्त एक अट. पहिल्या तीन होलमध्ये मागच्या लोकांचा खोळंबा झाला तर मी तुम्हाला सनराइजवर पाठवीन. चालेल?"

"चालन."

पहिल्या फटक्याला भाऊजींनी काठी अशी हळू नेली आणि अशी स्वच्छ आणली की गवताचं पातंही हललं नाही. बॉल जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीवरून सरळ गेला आणि गवतावर पडून पळतच राहिला. मैथिलीबाईंच्या भुवया टोपीच्या आत गेल्या. "हे कुठे शिकलात?"

"दर्यापूरले. खाली लागलं तं दाढ दुखते."

दोन फटक्यांत ते ग्रीनच्या काठावर, तिसऱ्यात ग्रीनवर. माझी छाती फुगली. आणि नेमक्या त्याच क्षणी ती गोष्ट घडली.

ग्रीन म्हणजे काय, हे भाऊजींनी मोबाइलवर पाहिलं होतं. पण पायाखाली पहिल्यांदाच येत होतं. मखमलीसारखं, नवरीच्या शालूला शिवावं तसं पाऊल टाकावंसं वाटणारं. बॉल होलपासून दहा पावलांवर. भाऊजी बॉलजवळ गेले, वाट पाहिली, आणि अकरा वर्षं साहेबांसाठी आणि चौदा वर्षं स्वतःसाठी जे केलं तेच त्यांच्या हातांनी केलं. खोळीतून दोरी बांधलेली लाकडी फळी काढली, ग्रीनवर आडवी ठेवली आणि ओढली.

"काकाऽऽ!" मैथिलीबाई किंचाळल्या. दरीतले पक्षी उडाले. दूरवरचा माळी हातातला पाइप टाकून धावत सुटला. मी धावलो. भाऊजी फळी हातात धरून उभे होते, जणू देवळात चपला घालून आल्याचं कुणी मोठ्याने सांगितलं असावं.

"मी... ते... वाट सारखी करून राहिलो होतो. ब्राउनची सवय हाये."

माळ्याने गुडघे टेकून गवत पाहिलं, हाताने कुरवाळलं, आणि एक हातभर पातीच तेवढी आडवी झालीत, तुटली नाहीत, असा निर्वाळा दिला. मैथिलीबाईंनी फळी ताब्यात घेऊन मैदानावरच्या छोट्या गाडीत ठेवली, पिस्तूल जप्त करावं तशी. भाऊजींचा पुढचा फटका ब्राउनच्या अंदाजाने बसला. तेलकट वाळूत बॉल रुततो, तिथे जोर लागतो. इथे तो होलच्या बाजूने, ग्रीनच्या बाहेर, उतारावरून खाली, दिसेनासा झाला. पहिल्या होलला आठ फटके लागले. ठरलेले होते चार.

"भाऊजी, सनराइज..." मी हळूच म्हटलं.

"चूप बस बंडू. बूट धर."

त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि दुसऱ्या ग्रीनवर अनवाणी गेले. नियमात बसतं का, मी मैथिलीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, बसतं. भाऊजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालले, पायाच्या बोटांनी चाचपत. मग बॉलमागे उभे राहिले.

"काय पाहून राहिले?"

"हे वावर हाये. इथं पानी सोडलं तं कोठून फुटन, ते पाहून राहिलो. बॉल तिकडूनच जाईन."

शेतात पाणी कुठून वाट काढणार हे ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ग्रीनचा उतार कळायला दोन होल पुरले. तिसऱ्या ग्रीनवर बॉल लांबून गेला, उजवीकडे झुकला, पुन्हा डावीकडे आला आणि होलमध्ये पडताना त्याने जो 'टक्' आवाज केला तो मी विसरणार नाही. मैथिलीबाईंनी घड्याळ पाहिलं. मागे कुणाचा खोळंबा नव्हता. सनराइजचं नाव पुन्हा निघालं नाही.

पहिले नऊ होल सत्तेचाळीस फटक्यांत झाले. नव्वदात बसायचं तर पुढच्या नवांत त्रेचाळीस हवेत. भाऊजींनी लिंबूपाणी घेतलं, अर्धं मला दिलं आणि उठले.

बाराव्या होलला त्यांचा बॉल डावीकडे वळला आणि धरणाच्या बाजूला गेला. उन्हाने पाणी खूप मागे हटलं होतं आणि तळाचा गाळ वाळून, तडकून, काळ्या ढेकळांचं रान झालं होतं. बॉल त्यात दिसत होता.

"एक फटका दंड घ्या आणि गवतावर ठेवा," मैथिलीबाई म्हणाल्या. "तिथून कुणी खेळत नाही. इथे वर्षाला दोन-चार जणांची मनगटं मुरगळतात."

"खेळाले मनाई हाये काय?"

"मनाई नाही, पण..."

भाऊजी तोपर्यंत खाली उतरले होते. वाळलेल्या गाळात, भेगांच्या मधे, दोन्ही पाय रोवून उभे राहिले आणि त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. सकाळपासून पहिल्यांदाच ते घरी आल्यासारखे दिसत होते. काठी खाली आली. धूळ उडाली नाही, ढेकूळ हललं नाही. बॉल वर गेला, ग्रीनवर पडला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबला.

 त्यापुढे मैथिलीबाई भाऊजींना सूचना करायच्या थांबल्या, आणि स्वतःचा फटका मारण्याआधी एकदा गुपचूप बूट काढून ग्रीनवर उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या.

सतरा होल झाले तेव्हा एकूण पंच्याऐंशी. अठरावा होल पाच फटक्यांचा. म्हणजे बरोबर पाच केले की नव्वद, प्रतिज्ञापत्रातला आकडा! समोर धरणाच्या पाण्याचा एक फाटा आडवा आला होता आणि पलीकडे, ग्रीनच्या मागे, ताई आणि आचल छत्री घेऊन उभ्या होत्या. पहिला फटका चांगला गेला. आता दोन वाटा. उजवीकडून पाण्याला वळसा घालून सुरक्षित जायचं, किंवा सरळ पाण्यावरून.

"वळसा घ्या," मैथिलीबाई म्हणाल्या. "वळशाने सहा होतील. एक्क्याण्णव. उत्तम आहे."

"एक्क्याण्णव म्हंजे नव्वद नाई."

"भाऊजी," मी म्हटलं, "पाण्यात गेला तर?"

"तं पान्यात गेला असं सांगू." त्यांनी सर्वात मोठी काठी काढली. "वळशानं जाचं होतं तं सनराइज काय वाईट होतं?"

फटका सुंदर होता. वारा नसता तर पोचलाही असता. दरीतून वर आलेल्या वाऱ्याने बॉल क्षणभर हवेत धरला आणि काठापासून चार हातांवर पाण्यात सोडला. पलीकडून ताईचं "बाप्पाऽऽ!" स्पष्ट ऐकू आलं.

भाऊजींनी काठीवर हात ठेवून पाण्यातली वर्तुळं पाहिली. मग खिशातून दुसरा बॉल काढला, दंडाचा फटका मोजला, आणि पुन्हा तीच काठी, तीच दिशा. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ताई छत्री हवेत नाचवत होती. बॉल पलीकडे होता. तिथून ग्रीनवर एक, होलमध्ये दोन. सात. एकूण ब्याण्णव.

भाऊजींनी टोपी काढली. दोन फटके कमी पडले होते. ताईकडे पाहून म्हणाले, "आकडा नाई जमला."

"मले काय समजते त्यातलं," ताई म्हणाली. "पन पान्यात गेल्यावर बी तुमी तिकडूनच मारला. मी हिले सांगतलं," म्हणजे आचलला, "तुहे बाबा आता पुन्हा तिकडूनच मारतीन. मारला."

मैथिलीबाई कार्ड भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काका, तुमचा आकडा चुकलाय."

"हो. दोनानं."

"दोनाने नाही आणि त्या बाजूला नाही. तुमचा हँडिकॅप अठरापेक्षा कमीच निघेल. हँडिकॅप म्हणजे माणूस त्याच्या चांगल्या दिवशी किती करतो त्याचा अंदाज. अठरा हँडिकॅपचा माणूस रिजवर पहिल्यांदा येतो तेव्हा शंभराच्या आत आला तर आम्ही त्याला चहा पाजतो. तुम्ही ब्याण्णव केलेत. आयुष्यात पहिल्यांदा गवतावर. पहिल्या होलला ती फळी ओढून, आठ फटके घालवून! कोणी म्हणालं होतं ना तुम्हाला, हा गोल्फ नाही म्हणून? आचलने सांगितलं मला काल. तुम्ही चौदा वर्षं गोल्फच खेळताय. आणि बहुतेक या मैदानापेक्षा अवघड मैदानावर."

भाऊजींनी पाण्याकडे तोंड फिरवलं. फौजी माणूस रडत नाही. त्याच्या डोळ्यांत ऊन जातं. तसं ऊन गेलं.

"इथे होम क्लब लिहायचाय," मैथिलीबाई म्हणाल्या. "क्लबाचं नाव काय तुमच्या?"

आता आली पंचाईत. चौदा वर्षांत चौघांपैकी एकालाही नाव ठेवायचं सुचलं नव्हतं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग ते मान ताठ करून म्हणाले, "लिहा. पंजाबरावचं वावर, दर्यापूर."

त्यांनी तसंच लिहिलं. दुपारपर्यंत रिज पूर्ण केलेल्यांच्या फलकावर ते झळकलं. वर दिल्लीचा एक क्लब, खाली बेंगळुरूचा एक, मधे पंजाबरावांचं वावर. आचलने फोटो काढला आणि पंजाबरावांना पाठवला. पंजाबरावांचा फोन आला. "जानराव, सातबाऱ्यावर माह्यं नाव हाये ते मालूम होतं. पन हे लयच मोठं झालं गड्या!" 

निघताना मैथिलीबाई गाडीपर्यंत आल्या. "काका, तुमच्या मैदानावर बाहेरच्या माणसाला खेळू देता का?"

"या न! घरचंच समजा."

"कधी येऊ? थंडीत बरं पडेल?"

"थंडीत कापूस असते वावरात," भाऊजी म्हणाले. "उन्हाळ्यात मार्चमधी बी चालते, तवा भेगा बारीक असतात. पन मी म्हनीन, मे महिन्यात या. सोप्यात कायले येता?"

आणि बाई आल्या! मेच्या शेवटच्या आठवड्यात, अकोल्याला रेल्वेतून उतरून, माझ्या घरी चहा घेऊन, तिथून दर्यापूरला. त्या दिवशी पारा शेचाळीसवर होता. भाऊजींनी पहाटे पाचला खेळ सुरू केला तरी सात वाजता वावर तापलं. पंजाबराव, वकीलसाहेब, नागसेनभाऊ इस्त्रीच्या कपड्यांत. बांधावर निम्मं गाव. पहिल्याच होलला बाईंच्या काठीचं टोक जमिनीला लागलं आणि त्या "आई गं!" म्हणून दाढेला हात लावून उभ्या राहिल्या. चौघांनीही समजुतीने माना हलवल्या. तिसऱ्या होलला त्यांचा हात भेगेत कोपरापर्यंत गेला. पाचव्याला खांद्यापर्यंत, आणि भाऊजींनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. ब्राउनवर मात्र त्यांनी स्वतः फळी मागून घेतली, आणि भाऊजींनी ती दोन्ही हातांनी दिली.

नऊ होलला त्रेपन्न फटके. नागसेनभाऊंनी ते रजिस्टरमध्ये दोनदा तपासून लिहिले. बाई बांधावर बसून बुटातली काळी माती झटकत होत्या, चेहरा लाल, केसांत धूळ. ताईने ताकाचा तांब्या पुढे केला.

"किती बॉल गेले माझे?" त्यांनी विचारलं.

"सात," भाऊजी वावराकडे पाहत म्हणाले. हात मागे बांधलेले, मान ताठ, त्या तडकलेल्या चौदा एकरांचा एकेक तुकडा आपल्या हाताने घडवल्यासारखी नजर. "काळजी करू नका. पुढच्या हप्त्यात नांगरट हाये. निघतीन तसे कुरिअरनं पाठवतो."

बाईंनी ताक संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि उठल्या. "नको. ठेवा इथेच. पुढच्या मे महिन्यात येऊन मी स्वतः काढीन."

भाऊजींनी नागसेनभाऊंना खूण केली, आणि रजिस्टरच्या पुढच्या वर्षाच्या कोऱ्या पानावर पहिलं नाव त्याच वेळी लिहिलं गेलं.